ट्रिकल बेडमध्ये हायड्रोजनेशन : तिसऱ्या रात्री लाईट गेली आणि माल पिवळा यायला लागला

पागोळी६६ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसताच वाचत आलोय, आज धागा काढतोय कारण डोकं चालेनासं झालंय. मी चिपळूणला राहतो, लोट्याच्या एमआयडीसीत एका लहान युनिटात प्रोसेस डेव्हलपमेंट बघतो. आमचं एक नायट्रो इंटरमीजिएट (मधल्या टप्प्याचं रसायन) आहे, मॉलिक्युलर वेट दीडशेच्या आसपास (नाव सांगू शकत नाही, समजून घ्या), ते मिथेनॉलमध्ये पॅलॅडियम कार्बनचा कॅटॅलिस्ट टाकून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) हायड्रोजनने रिड्यूस करतो आणि अमाइन काढतो. हजार लिटरचा ऑटोक्लेव्ह, १० बार, दहा-बारा वर्षं बिनबोभाट चालू आहे. मालक कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि तिथून हे कंटिन्युअसचं (बॅच न काढता सलग चालवायचं) खूळ घेऊन आले, तर आता ते माझ्या गळ्यात.

सेटअप असा. एक इंची एसएसची नळी, दीड मीटर उंच, बाहेरून जॅकेट. आत १ टक्का पॅलॅडियमवाले दीड मिलिमीटरचे कार्बनचे दाणे, पावणेचारशे ग्रॅम, हाच बेड. वरून ५ टक्क्यांचा फीड (मिथेनॉलमध्ये विरघळवलेलं नायट्रो) तासाला तीन लिटर आणि वरूनच हायड्रोजन, २० बार, जॅकेट ५५ अंश. लिक्विड दाण्यांवरून पाझरत खाली येतं म्हणून ट्रिकल बेड. खाली सेपरेटर, तिथून गॅस व्हेंटला आणि लिक्विड कॅनमध्ये. दिवसाला साधारण तीन किलो माल होतो, म्हणजे बच्चाच आहे अजून.

पहिले दोन दिवस सांगतो काय सुंदर चाललं. एचपीएलसीवर (मालात काय किती आहे ते तपासायचं मशीन) नायट्रोचा पीक शोधून सापडेना, रंग पाण्यासारखा, मालक रोज येऊन कॅनचा फोटो काढून न्यायचे. तिसऱ्या रात्री पाऊस धो धो, लाईट गेली, मिनिटाभरात डीजी (डिझेल जनरेटर) चालू झाला, ऑपरेटरने सगळं परत लावलं. आणि सकाळी बघतो तर माल पिवळा, मधूनच नारिंगी झाक. नायट्रो दीड टक्का आणि त्याच्या बाजूला एक नवीन पीक तीन-चार टक्क्यांचा, बहुतेक हायड्रॉक्सिलअमाइन, म्हणजे अर्धवट रिड्यूस झालेला माल. जॅकेट ६५ पर्यंत नेलं, फीड अर्धा केला, थोडा फरक पडतो पण आधीसारखं काही येत नाही. कॅटॅलिस्ट मेला असं सगळ्यांचं मत आहे. तीन दिवसांत मरतो का हो कॅटॅलिस्ट? ऑटोक्लेव्हमध्ये तोच आठ-आठ बॅच काढतो आम्ही.

रिॲक्टर_रम्या

पहिली शंका पॉयझनिंगची, म्हणजे कॅटॅलिस्टला निकामी करणारं काहीतरी आत गेल्याची. फीडचा लॉट बदलला का? वरच्या (आधीच्या) स्टेपमध्ये कुठे सल्फर आहे का, थायो काहीतरी, सल्फाइड वगैरे? पॅलॅडियमला सल्फर म्हणजे कट्टर वैरी, पीपीएममध्ये असलं तरी पुरतं. बॅचमध्ये दरवेळी थोडा ताजा कॅटॅलिस्ट घालून आपण ते झाकून नेतो, कळतही नाही. फ्लोमध्ये तोच बेड दिवसरात्र सगळा फीड पितो त्यामुळे वरच्या स्टेपची सगळी पापं तिथे येऊन साचतात.

पागोळी६६

नाही ना. आठवडाभराचा फीड एकाच ड्रममध्ये बनवून ठेवलाय, तोच चालू आहे, तेच मिथेनॉल. वरच्या स्टेपमध्ये नायट्रेशन आहे, मिक्स्ड ॲसिड, पण न्यूट्रल वॉश होऊन सल्फेट तपासूनच पुढे येतं.

उलटे_आटे

बाळा, कॅटॅलिस्टचं नंतर बघ. आधी सांग, तो पिवळा माल आता कुठे आहे?

(मी निवृत्त माणूस, तीस वर्षं हायड्रोजनेशनच्या शेडमध्ये काढली, रोहा-महाड-लोटे सगळीकडचं पाणी प्यायलेला. आयडीचा अर्थ कळला नसेल त्यांच्यासाठी : हायड्रोजनच्या सिलिंडरचे आटे डावे असतात, नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी हमखास उलटा पाना मारतो.)

पागोळी६६

कारबॉयमध्ये भरून शेडच्या मागे ठेवलाय काका, एक पस्तीस लिटरचा. परत फीडमध्ये मिसळून चालवू असा विचार होता.

उलटे_आटे

उन्हात नाही ना? पावसाळा असला तरी दुपारी ऊन पडतं आणि पत्र्याच्या मागे भट्टी होते. तो कारबॉय आत्ता उचलून थंड जागी ठेव आणि त्यातलं मिथेनॉल उडवून घट्ट करायचा विचार तर स्वप्नातसुद्धा करू नको. हायड्रॉक्सिलअमाइन जमा झालेला माल गरम केला की आपला आपण तापायला लागतो, मग तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तुझा आत्ता पातळ आहे, तीन-चार टक्के पीक म्हणजे ५ टक्क्यांच्या द्रावणातले तीन-चार टक्के, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण हाच प्रकार ऑटोक्लेव्हमध्ये २० टक्क्यांच्या चार्जला झाला असता तर मी तुला आत्ता फोनच केला असता. डीएससी (किती तापमानाला किती उष्णता सुटते त्याची चाचणी) करून घे त्याची, तुमच्याकडे नसेल तर बाहेरून.

पागोळी६६

उचलला काका. एसी स्टोअरमध्ये ठेवलाय, लेबल लावून, आणि सँपल डीएससीला पाठवतोय.

मिनू_ताई

मी कॉलेजात ऑरगॅनिक शिकवते, प्लान्टमधलं फार कळत नाही, पण वाचणाऱ्या मुलांसाठी मधलं थोडं सांगते. नायट्रोचं अमाइन एका उडीत होत नाही. आधी नायट्रोसो, मग हायड्रॉक्सिलअमाइन, मग अमाइन, प्रत्येक पायरीला हायड्रोजनचा एक रेणू, एकूण तीन, आणि दोन रेणू पाणी बाहेर. ही वाट फ्रिट्झ हाबरने १८९८ मध्ये इलेक्ट्रोकेमिकल रिडक्शनवरून मांडली होती, अमोनियावाला हाबर तोच. नायट्रोसो आणि हायड्रॉक्सिलअमाइन एकमेकांना भेटले की ॲझॉक्सी होतं, त्यापुढे ॲझो, आणि रंग दिसतो तो त्यांचा. म्हणजे पागोळी यांचा माल पिवळा-नारिंगी आहे याचा अर्थ हायड्रोजन कमी पडतोय किंवा वेळेवर पोचत नाहीये, आणि मधले लोक रस्त्यात एकमेकांना भेटताहेत.

माड_आणि_मासे

माका ह्यातला काय एक कळूक नाय, माझो आंब्याचो धंदो. पण वाचूक मजा येता. ह्यां हायड्रोजनेशन म्हणजे डालडा बनवतत तांच ना?

मिनू_ताई

हो दादा, तेच. निकेलवर हायड्रोजन चढवायची युक्ती पॉल साबातिए या फ्रेंच माणसाची, त्याबद्दल त्याला १९१२ चं नोबेल मिळालं, ग्रिन्यारबरोबर वाटून. तेलावर तोच प्रयोग जर्मनीतल्या विल्हेल्म नॉर्मानने केला आणि १९०२ मध्ये पेटंट घेतलं. आपल्याकडे डालडा आला १९३७ मध्ये. त्यातली गोम अशी की हायड्रोजनचा एक अणू चिकटतो आणि दुसरा यायच्या आत पहिला परत सुटू शकतो, मग दुहेरी बंध तसाच राहतो पण वळण बदलून, आणि तयार होतं ट्रान्स फॅट. म्हणून जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली.

माड_आणि_मासे

म्हणजे अर्धवट काम केला की त्रास, ह्यां सगळीकडेच आसा म्हणायचा. चलू द्या तुमचा.

पुण्याचा_पाहुणा

आमच्या आर अँड डीमध्ये हंगेरीच्या थॅलेसनॅनोचा एच-क्यूब आहे, टेबलावर मावणारा डबा. सिलिंडरच नाही, आतल्या आत पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस करून हायड्रोजन बनवतो, १०० बारपर्यंत जातो. कॅटॅलिस्ट बंद काडतुसात, मेला की काढा दुसरा लावा, पाच मिनिटांचं काम. मला वाटतं तुम्ही लोक उगाच अवघड करताय.

रिॲक्टर_रम्या

@पुण्याचा_पाहुणा, मिनिटाला एक मिलिलिटर आणि ०.१ मोलर धरा, तासाला सहा मिलिमोल, म्हणजे यांचा माल तासाला जेमतेम एक ग्रॅम. मेडिसिनल केमिस्ट्रीवाल्यांना सोन्यासारखा डबा आहे, वादच नाही. पण मालकाला दिवसाला तीन किलो पाहिजेत आणि उद्या तीस.

आणि कंटिन्युअस हायड्रोजनेशन म्हणजे काहीतरी नवीन असा जो सूर लागलाय ना सगळीकडे, त्याचं मला हसू येतं. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांत ट्रिकल बेड कधीपासून चालू आहेत. गाड्यांच्या धुराचं बीएस-६ मानक आलं १ एप्रिल २०२० ला, डिझेलमधलं सल्फर १० पीपीएमवर आणायचं होतं, ते काम कोण करतं? हाच वरून डिझेल वरून हायड्रोजनवाला बेड, फक्त घराएवढा. नवीन आहे ते आपल्या फार्मा-इंटरमीजिएटवाल्यांना. आपण अजून कढईतून बाहेर यायचोय.

बरं, उष्णतेचा हिशोब केलाय का कुणी? नायट्रोपासून अमाइन म्हणजे मोलला साधारण ५५० किलोज्यूल. साध्या दुहेरी बंधाला १२० च्या आसपास सुटतात, त्याच्या साडेचारपट. ५ टक्के म्हणजे किलोमागे ०.३३ मोल, म्हणजे १८० किलोज्यूल, मिथेनॉलची हीट कपॅसिटी अडीच धरली तर कुठेच उष्णता काढली नाही तर ७० अंशांहून जास्त चढेल. ५५ अधिक ७०. आणि २० टक्के चालवायचं ठरवलंत तर गणित तीनशेच्या जवळ जातं, ते लिहायलाच नको. एक इंची नळी आहे म्हणून जॅकेट सांभाळतंय. मालकांना सांगा, तीस किलोसाठी चार इंची पाइप घेऊ नका, अशाच दहा नळ्या शेजारीशेजारी लावा नाहीतर बाहेर आलेला माल थोडा परत वर फिरवून फीड पातळ करा.

जांभादगड

धागा आत्ता वाचला. कॅटॅलिस्ट मेलाय असं मला अजिबात वाटत नाही. पागोळी, तीन गोष्टी सांगा. बेडमध्ये थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) किती आणि लाईट जायच्या आधी सगळ्यात गरम जागा कुठे होती, आता कुठे आहे? बेडच्या वर-खाली डीपी (दाबातला फरक) मोजता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाईट गेल्यापासून फीड परत चालू होईपर्यंत नक्की किती वेळ गेला आणि त्या वेळात हायड्रोजन चालू होता की बंद? ऑपरेटरला रागावून विचारू नका, चहा पाजून विचारा.

पागोळी६६

चहा पाजला आणि तुम्ही म्हणता तेच निघालं हो.

डीजी आल्यावर हायड्रोजनचा मास फ्लो कंट्रोलर आपोआप जुन्या सेटिंगवर चालू झाला. फीड पंपाला मात्र हाताने रीसेट मारावा लागतो. ऑपरेटर त्या वेळी ऑटोक्लेव्हच्या शेडमध्ये चालू बॅच सांभाळायला धावला होता, जे बरोबरच केलं त्याने. इकडे परत आला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. म्हणजे पंचवीस मिनिटं नुसता हायड्रोजन गरम बेडमधून जात होता. मग त्याने पंप रीसेट केला आणि लॉगबुकात लिहिलं ‘नॉर्मल’.

थर्मोकपल पाच. आधी वरून दुसरा सगळ्यात गरम असायचा, बाकीचे खाली खाली जॅकेटच्या जवळ, एकदम सरळ. आता दुसरा थंड, तिसरा गरम, चौथा त्याहून गरम, आणि तासातासाला बदलतंय. डीपी थोडा पडलाय. आम्हाला वाटलं चला, बरंच झालं, बेड मोकळा झाला.

जांभादगड

डीपी पडला हे चांगलं लक्षण नाही राव, तिथेच तर सगळं आहे.

माझं घर गुहागरकडे, मागे जांभ्याचा कडा आहे. पहिल्या पावसात बघा, कोरड्या जांभ्यावर पाणी पडलं की ते सगळीकडे मुरत नाही, दोन-चार भोकं धरतं आणि तिथूनच धावतं, शेजारचा हातभर दगड कोरडा ठणठणीत. आठ दिवस झड लागली की अख्खा कडा पाझरायला लागतो, मग पाऊस कमी झाला तरी सगळ्या अंगाने पाझरतच राहतो. तेवढंच पाणी आणि तोच दगड, पण आधी भिजला होता की नाही यावर पुढचं सगळं ठरतं.

तुमच्या नळीत हेच झालंय. पहिल्या दिवशी बेड भरल्यावर तुम्ही नक्की मिथेनॉलने काठोकाठ भरून धुतला असणार, सगळेच धुतात बारीक पावडर काढायला. तेव्हा प्रत्येक दाणा भिजला आणि फीड त्यावरून पातळ पापुद्र्यासारखा उतरत राहिला. त्या रात्री पंचवीस मिनिटं कोरडा हायड्रोजन, जॅकेट ५५, मिथेनॉल ६५ ला उकळणारं, गॅसबरोबर उडून गेलं आणि बेड सुकला. त्यावर तासाला तीन लिटरची धार सोडली. ती आपली एक वाट धरून खाली पळाली. सुपारीच्या बागेत पाट फुटला की पाणी कसं एकाच आळ्यात जातं आणि बाकीची आळी सुकी राहतात, तसं. दाण्यांमध्ये अडून राहणारं लिक्विड कमी झालं म्हणून डीपी पडला. अर्धा बेड उपाशी, जिथून धार जाते तिथे नायट्रो एवढा येतो की हायड्रोजन पुरत नाही, म्हणून हायड्रॉक्सिलअमाइन. कॅटॅलिस्ट वरून मरत गेला असता तर गरम जागा दिवसादिवसाने सावकाश खाली सरकली असती. अशी एका रात्रीत ठिकऱ्या होऊन नाचली नसती.

हायड्रोजन न पुरण्याबद्दल एक आकडा देतो, तो डोक्यात राहिला की बाकीचं आपोआप समजतं. मिथेनॉलमध्ये हायड्रोजन विरघळतो लिटरला साधारण ४ मिलिमोल, एका बारला. २० बारला ८०. तुमच्या एक लिटर फीडला लागतात जवळजवळ ८०० मिलिमोल. म्हणजे विरघळलेला हायड्रोजन एक दशांशच काम करतो, बाकीचे नऊ भाग खाली जाता जाता गॅसमधून लिक्विडमध्ये पुन्हा पुन्हा शिरावे लागतात. पापुद्रा पातळ असला तर शिरतो. जाड धार झाली तर धारेच्या पोटापर्यंत पोचतच नाही. तापमान वाढवून हे सुटत नाही, तुम्ही ६५ करून पाहिलंच आहे, उलट मिथेनॉल अजून उडेल.

करायचं काय : हायड्रोजन बंद, नायट्रोजन लावून पूर्ण पर्ज (आतला हायड्रोजन हाकलून काढणं), जॅकेट थंड. मग शक्य असेल तर खालून मिथेनॉल चढवा, हळूहळू, वरून बाहेर येईपर्यंत, म्हणजे अडकलेल्या गॅसचे सगळे कप्पे निघून जातात. तासभर बुडालेलं राहू द्या. मग निथळा, पण पूर्ण सुकवू नका, निथळत असतानाच वरून मिथेनॉल चालू, नंतर हायड्रोजन, नंतर जॅकेट, आणि फीड सगळ्यात शेवटी.

रिॲक्टर_रम्या

मान गये. मी पॉयझनवर अडकलो होतो. एक पुरवणी : नळी २५ मिमी आणि दाणा १.५ म्हणजे सोळापट, तसं बरं आहे पण वरचा डिस्ट्रिब्युटर कसला आहे? नुसती एक नळी मधोमध सोडली असेल तर वर काचेच्या मण्यांचा वीतभर थर टाका.

खेडचा_खट्याळ

मी केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बावळट प्रश्न विचारतो, ऑटोक्लेव्हमधली पावडरच नळीत का नाही भरत? ती तर जास्त ॲक्टिव्ह असते ना?

जांभादगड

बावळट अजिबात नाही. पावडर असते वीस-तीस मायक्रॉनची. सावकाश वाहणाऱ्या बेडमध्ये डीपी दाण्याच्या आकाराच्या वर्गाच्या उलट वाढतो. दीड मिमीवरून ३० मायक्रॉनवर गेलास तर पन्नासपट बारीक, म्हणजे डीपी अडीच हजारपट. पंपही रडेल आणि तूही. म्हणून दाणे घ्यायचे. पण दाण्याच्या गाभ्यापर्यंत रेणू पोचायच्या आतच रिॲक्शन बाहेरच्या कातड्यावर आटपते, मग आतला पॅलॅडियम नुसताच बसून पगार घेतो. त्यामुळे या कामाचे दाणे असे बनवतात की धातू फक्त वरच्या सालीत राहील. अंड्याच्या कवचासारखा.

उलटे_आटे

सगळं ज्ञान ऐकलं, पटलंही. पण माझ्या म्हाताऱ्याचं दोन पैशांचं ऐका. बॅचमध्ये लाईट गेली तर काय होतं? ॲगिटेटर थांबतो, हायड्रोजन आत मिसळणं थांबतं, रिॲक्शन झोपते. व्हॉल्व्ह बंद करून माणूस विडी ओढायला (गेटच्या बाहेर!) जाऊ शकतो. तुमच्या नळीला चोवीस तास शहाणा माणूस लागतो. कोकणात तो आणायचा कुठून? जुलैत परशुराम घाटात दरड आली की खालची शिफ्ट खाली, वरची वर. २२ जुलै २०२१ आठवतो ना, चिपळूण पाण्यात होतं. आणि गणपतीत? पाच दिवस एमआयडीसीत कुत्रं दिसत नाही. बॅच चतुर्थीच्या आदल्या दिवशी संपवता येते. तुमची रिॲक्शन संपतच नाही, तोच तिचा मोठेपणा.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता किरकिर करतो. मी एका ठिकाणी होतो (नाव नको), तिथे बॅच संपल्यावर स्पार्कलर फिल्टर उघडायचा, पॅलॅडियम कार्बनचा केक काढायचा आणि पाण्याच्या ड्रममध्ये टाकायचा, असा नियम. एका दुपारी पोरगा जेवायच्या घाईत होता, पाण्याने धुवायचं राहिलं, केक मिथेनॉलने ओला, हायड्रोजन प्यायलेला. झाकण उघडून हवा लागली आणि वरची प्लेट सुकली तशी ठिणगी दिसली, आणि मग मिथेनॉलची ती निळी फिकट ज्वाळा, दुपारच्या उजेडात दिसतसुद्धा नाही. त्याला कळलं ते हाताचे केस जळाले तेव्हा. शॉवर जवळ होता म्हणून पोरगा वाचला, आता त्याची मुलगी कॉलेजला आहे. माझ्या तीस वर्षांत हायड्रोजनेशनच्या शेडमध्ये ज्या आगी बघितल्या त्यातली एकही ऑटोक्लेव्हच्या आत लागलेली नव्हती. सगळ्या चार्जिंगला नाहीतर फिल्टरला, जिथे माणूस आणि कॅटॅलिस्ट एकमेकांसमोर येतात तिथे. तुमच्या नळीत कॅटॅलिस्ट एकदा भरला की महिनोन्महिने माणसाला तोंड दाखवत नाही. या एका गोष्टीसाठी मी तुमच्या बाजूने आहे.

जांभादगड

काका, हे तुम्हीच लिहू शकता.

त्यात भर म्हणून, आत साठलेला हायड्रोजन बघा. हजार लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये वर तीनशे लिटर मोकळं, १० बार, म्हणजे जवळजवळ पाव किलो हायड्रोजन. पागोळींच्या बेडमध्ये कसाबसा अर्धा ग्रॅम. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेटणारा गॅस आहे हा, त्यामुळे हा फरक कागदावरचा नाही. अर्थात सिलिंडर बँक दोन्हीकडे सारखीच, ती विसरायची नाही.

पुण्याचा_पाहुणा

आमच्याकडे एक कंपाउंड आहे, रिंगवर क्लोरीन आणि नायट्रो दोन्ही. फ्लोमध्ये घेतलं तर क्लोरीन उडणं कमी होईल का? बॅचमध्ये शेवटी शेवटी चार-पाच टक्के उडतो.

रिॲक्टर_रम्या

थोडं कमी होईल, कारण अमाइन तयार झालं की बेडच्या बाहेर पडतं, बॅचसारखं शेवटच्या थेंबाची वाट बघत कॅटॅलिस्टबरोबर बसून राहत नाही. पण पॅलॅडियमवर क्लोरीन टिकवायची आशा धरू नका. प्लॅटिनम घ्या, आणि सल्फाइडेड प्लॅटिनम मिळाला तर तो. इथे मात्र सल्फर मित्र होतो, वैऱ्याला मर्यादेत ठेवलं की कामाला येतो तसं. फ्लोवर सल्ला पाहिजे असेल तर तुमच्या शेजारीच एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, डॉ. अमोल कुलकर्णी यांचं याच क्षेत्रात काम आहे, २०२० चं भटनागर पारितोषिक मिळालंय त्यांना. पुण्यात राहून लोट्याच्या धाग्यावर विचारताय.

पुण्याचा_पाहुणा

धागा इंटरेस्टिंग आहे म्हणून विचारलं, बाकी काही नाही :)

पागोळी६६

अपडेट. काल सकाळी जांभादगड म्हणाले तसं सगळं केलं. खालून चढवायला लाईन नव्हती, ड्रेनला टी टाकून केली. मिथेनॉल वर येताना साइट ग्लासमध्ये बुडबुडे इतके आले की बघत बसलो, कुठे लपला होता एवढा गॅस. तासभर बुडवून ठेवलं, मग सांगितलेल्या क्रमाने चालू. वर मण्यांचा थर पण टाकला (त्यासाठी वरची फ्लॅंज उघडली, नायट्रोजन लावून आणि दाणे ओले ठेवून, काकांची गोष्ट वाचून हात थरथरत होते).

चार तासांत रंग गेला. दुसरा थर्मोकपल परत सगळ्यात गरम. नायट्रो दिसत नाही. हायड्रॉक्सिलअमाइन ०.३ वर आलं आणि तिथेच थांबलंय, पहिल्या दोन दिवसांसारखं शून्य नाही होत. डीपी आधीच्या जागी. मालकांनी परत फोटो काढला.

जांभादगड

०.३ राहिलं त्याचं कारण बहुधा ते दीड-दोन दिवस. धार जिथून पळत होती तिथे उष्णता काढणारं लिक्विड कमी आणि रिॲक्शन सगळी तिथेच, म्हणजे दाण्यांवर जागच्या जागी तापमान थर्मोकपल दाखवतो त्याच्यापेक्षा बरंच जास्त गेलं असणार, पॅलॅडियमचे बारीक कण एकत्र येऊन मोठे झाले असतील. ते परत येत नाही. फीड तीनवरून अडीच करा, जाईल.

रिॲक्टर_रम्या

आणि मालकांना खर्चाचं तीन दिवसांवरून सांगू नका. बेडमध्ये पावणेचार ग्रॅम पॅलॅडियम आहे, तीन दिवसांत नऊ किलो माल झाला म्हणजे कॅटॅलिस्टच्या खर्चात बॅच अजून आरामात पुढे आहे. सहा आठवडे हाच बेड चालला तर बोलू. बॅचवाला विचारतो रिॲक्शन किती वाजता संपली. तुम्हाला विचारावं लागेल की बेड कुठल्या महिन्यात संपला, आणि त्यासाठी पाच थर्मोकपलची रोजची नोंद ठेवा, ऑपरेटरच्या ‘नॉर्मल’वर नाही.

पागोळी६६

नोंद सुरू केली. इंटरलॉकचं इन्स्ट्रुमेंटवाल्याशी बोललो : फीड पंप थांबला की हायड्रोजन बंद आणि नायट्रोजन चालू, आणि लाईट आल्यावर काहीच आपोआप चालू होणार नाही, रीसेट माणसानेच मारायचा आणि तोही बेड बुडवून झाल्यावर. पंपाला छोटा यूपीएस पण मागितलाय, बघू मंजूर होतो का. डीएससी आली की टाकतो इथे.

@उलटे_आटे काका, गणपतीचं तुम्ही बोललात ते मनाला लागलं. पाच दिवस बंद ठेवायचा तर बेड कसा ठेवू?

उलटे_आटे

फीड बंद करून तीन-चार तास नुसतं मिथेनॉल सोड, आतलं सगळं धुऊन निघालं पाहिजे, अमाइन बेडवर सुकायला नको. मग हायड्रोजन काढून टाक, नायट्रोजनने दोन-तीनदा पर्ज, जॅकेट बंद, बेड मिथेनॉलने काठोकाठ बुडव आणि वर नायट्रोजनचा अर्धा-एक बार दाब. हायड्रोजनच्या लाईनला नुसता व्हॉल्व्ह बंद करून जाऊ नको, ब्लाइंड (लाईन पूर्ण बंद करणारी पत्र्याची चकती) टाक. प्रेशर गेजचा फोटो वॉचमनला रोज सकाळी काढायला सांग, दाब पडला तर तुला फोन. आणि किल्ली कुणाकडे आहे ते गेटवर लिहून जा, गेल्या खेपेला आमच्याकडे किल्ली घेऊन पोरगा गुहागरला आरतीत आणि आम्ही गेटवर.

माड_आणि_मासे

गुहागराक खंयच्या वाडीत?